सामना संपल्यावर, वरळी

विचारा. पण पागधरेचं नाव आधी काढू नका.
शेवटची चढाई त्याची होती, हार माझी आहे.
मीच म्हटलं त्याला, बोनस सोड, कोपऱ्याला हात लाव.
बोनस घेऊन परतला असता तर बरोबरी होती.
लिहा हे.

घोट्याला त्याच्या तीन दिवस सूज.
डॉक्टरला बोलला नाही, मला बोलला,
आणि मी, हे लिहू नका,
मी फक्त पट्टी जरा घट्ट बांधली.

बचाव? बचाव चांगला झाला.
डिमेलो आणि घवाळी जूनपासून एकमेकांशी बोलत नाहीत,
कशावरून ते मी विचारलेलं नाही.
साखळी धरताना मात्र बोटं अशी अडकतात
की पंचाला सोडवावी लागतात.

मालक? टाळ्या वाजवून गेले.
जरा जास्तच वेळ वाजवल्या. पोरांना कळतं ते.

तो नवा, सतरा नंबर,
बाकावर बसून चाळीस मिनिटं
आमच्याच पोरांचा दम मोजत होता, ओठांतल्या ओठांत.
शनिवारी तो आत.
कोणाच्या जागी, ते आज नाही.

आम्ही मातीत खेळलो, नायगावला.
गुडघ्यातली खडी अजून हाताला लागते.
यांना मॅट आहे, करार आहेत, बूट आहेत.
हरल्यावर घसा तसाच बसतो.

झालं? मग दिवे घालवू द्या त्यांना.
म्हणजे, अर्धेच.
पागधरे अजून आत आहे,
मध्यरेषेवर बसलाय, एक बूट काढून.
मला त्याची पट्टी सोडायची आहे.