त्रेसष्टाव्या मीटरवर

सकाळपासून भिंत मोजतो आहोत,
दीड मीटरची काठी, मी आणि खुदाकरम.
काठी तो धरतो, आकडा मी लिहिते.

तळाशी करड्या चिखलाचा दगड, नखाने निघेल असा.
त्यात डोळ्यांना न दिसणारी कवचं,
वरच्या पाण्यात तरंगत जगली, मेली तशी खाली आली.
इथवर उजेड पोचत नव्हता. वादळही नाही.

"म्हणजे इथे माणूस बुडाला असता?"
बुडायला आधी इथवर यायला हवं, मी म्हणते.
कडा नव्हता, प्रवाळाची तटबंदी नव्हती,
नुसता ढाळ, अंशभराहूनही कमी,
पाणी मोरीकडे जावं म्हणून
गवंडी अंगणाला देतो तेवढा.
सकाळी किनाऱ्यावरून निघाला असतास
तर संध्याकाळी पाणी छातीला लागलं असतं.

वीस मीटरवर नाणी.
म्हणजे नाण्यांएवढे चपटे जीव, एकेका पेशीचे,
उधाणाने एका रात्रीत लोटून
एकावर एक निजवलेले.
खुदाकरमची आई यांना जिनांची चिल्लर म्हणायची,
मुलांना उचलू द्यायची नाही,
उचललं की देणं लागतं म्हणे.
माझ्या खेचरावर तेवीस पिशव्या आहेत.

चाळीसच्या पुढे खसखशीसारखे गोल दाणे,
लाटेने येरझारा घालून घालून घोटलेले.
मग कोंडलेलं, कोमट, गुडघाभर पाणी.
मग चिखल, भेगाळलेला, भेगांत खारट पांढरं काही.
समुद्र ओहोटला होता.
रोजची ओहोटी नव्हे. जिची भरती येईतो
किनाऱ्यावर कुणी थांबू शकत नाही, तसली.

आणि मग ती.
बोटभर जाड, गंजाच्या रंगाची,
शिंपल्यांनी भोकं पाडलेली.
तिच्यावर लगेच पुन्हा करडा चिखल, पुन्हा खोल पाणी,
जसं मधे काही झालंच नाही.

मी वहीत नागमोडी रेघ ओढते.
"हे काय?"
इथे काळ आहे, दगड नाही.
"किती?"
दहा लाख वर्षं. वीसही असतील.
तो काठीवर हनुवटी टेकतो.
"एवढीशीच काढलीस."

बलूतच्या सावलीत, ताक पिता पिता,
विचारलं नसताना तो सांगतो.
आजोबांच्या गोष्टींत वर्षांना नावं होती.
उंच घोडीचं वर्ष. टोळांचं वर्ष.
नदीने मावशीला नेलं ते वर्ष.
मग हुकूम आला, काळे तंबू फाडायचे, कूच बंद.
आणि त्यानंतर गोष्टीत एकदम दगडी घर.
घराला दार, दाराशी आजोबा, दाढी पांढरी.
"मधली किती, ठाऊक नाही.
मेंढरं किती मेली, तेही.
विचारलं की चिलीम साफ करायला घ्यायचे."

मी बोलत सुटते, मला तेवढंच येतं:
इथे जी रेघ आहे
ती ढाळाखाली, दूर, रेघ नसते.
समुद्र सरकत जिकडे गेला
तिकडे याच काळाचा जाड थर साचलेला असतो.
खाली जाऊन शोधावं लागतं.

बराच वेळ तो खेचराच्या कानातलं गोचीड काढतो.
"खाली आजोबांची धाकटी बहीण होती.
रामहुर्मुझला दिलेली.
तिला सगळं आठवायचं, असं म्हणत.
आमच्यातलं कुणी गेलं नाही."

उन्हं कलल्यावर पुन्हा भिंतीशी.
ड्रॉपर मागून घेतो, पहिल्यांदाच.
रेघेच्या खाली एक थेंब, फसफसतं.
वर एक थेंब, फसफसतं.
मग रेघेवरच एक, गंजावर,
आणि वाकून कान लावतो.
थेंब तसाच राहतो,
वाऱ्याने वाळेपर्यंत.