निम्मं वजन

रावपुऱ्यातल्या दुकानात पोरगा विचारतो,
‘कोना माटे, बेन? छोकरा माटे?’
आणि माझ्या पाठीमागे बघतो,
नातू दिसेल म्हणून.
मागे हे उभे. इस्त्रीचा बुशशर्ट,
डावा हात खिशात.

खिशात काय चाललंय ते मला ठाऊक आहे.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
अंगठा अजून तर्जनीवर घासतोय,
नोटा मोजतोय कोऱ्या, न संपणाऱ्या.
बंडल काही बांधून होत नाही.
डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं.
मी म्हणते, ओव्हरटाइम.

व्यायाम शिकवणारी ध्वनी म्हणाली, ठोसे मारा, काका.
सरळ, आडवे, मोजून. मोठ्यानं मोजून.
हे हसले. उभ्या जन्मात
डास मारायलासुद्धा ज्यांनी टाळी वाजवली नाही,
नुसती फुंकर घातली.

तर पंचिंग बॅग.
काळं चामडं, लाल रेक्झिन, एक निळी कॅनव्हासची.
चामड्याला पावसाळ्यात बुरशी येते,
कॅनव्हास बोटांची सालटी काढतो.
तीन फुटी घेतली तर पोटाखाली मारायला काही उरत नाही,
चार फुटीला छत पुरेल का, मोजून या.
वाळू भरू नका, पोरगा स्वतःच म्हणाला,
वाळू हळूहळू खाली उतरते,
वर पोकळ, तळाशी दगड,
मनगट जातं.
‘काका, वजन केटलुं तमारुं?’
बॅग माणसाच्या निम्म्या वजनाची लागते म्हणे.
ह्यांनी बासष्ट सांगितलं.
मार्चात अठ्ठावन्न भरले होते.
चारचौघांत माणसाला खोटं पाडू नये.
त्यानं पावतीमागे एकतीस लिहिलं.
अर्धांगी म्हणून जी शेजारी उभी होती
ती बहात्तर किलोंची. तिला कुणी विचारलं नाही.

लाल घेतली, रिकामी. बाराशे वाचले.
इलियासभाईंकडून दोन पोती चिंध्या:
शाळेच्या गणवेशाची खाकी, अस्तरं,
नवरात्रातल्या चणियांचे आरसे टाकलेले काठ.
आरसे मी एकेक करून उसवले, तीन रात्री.
मग लाटण्यानं दाबून दाबून भरली,
लोणच्याची बरणी भरावी तशी,
आणि रद्दीवाल्याच्या काट्याला टांगली.
एकोणतीस.
अजून अर्धं पोतं शिल्लक होतं.
मी तोंड शिवून टाकलं.

राहिली जागा.
घरात छताला भरवशाच्या कड्या चारच,
झोपाळ्याच्या.
हे म्हणाले, ‘त्यापेक्षा परत करू.’
झोपाळ्यावर मी गवार मोडते, पेपर वाचते,
जमिनीला पाय न लावता दुपार काढते.
ह्यांचा डोळा लागल्यावर जयंतीभाईंना बोलावलं.
पितळी सळ्या उतरताना
एकदाच वाजल्या.
फळी आता दोन स्टुलांवर आहे.
हलत नाही. मीच कधी कधी
सवयीनं पायानं रेटा देते.

रोज साडेसहाला मी बॅगेच्या पलीकडे,
दोन्ही हातांनी कवळून, गाल रेक्झिनला टेकून.
ठोसा येतो तो थांबत थांबत येतो,
खाकीतून, अस्तरातून, कुणाच्या तरी गरब्याच्या घेरातून,
मग माझ्या बरगडीशी.
पहिल्या आठवड्यात
उसनी साखर मागायला आलेल्या बाईनं
दार वाजवावं, तसा.
‘मोठ्यानं,’ मी म्हणते.
आवाजही उतरला होता त्यांचा,
कॅशच्या काचेमागून बोलल्यासारखा.
‘सात. आठ.’
संपलं की चहा, आणि बशीच्या काठाशी
अंगठा पुन्हा कामावर रुजू.

काल ‘चौदा’ इतक्या जोरात आलं
की समोरच्या शाहबेन गॅलरीत आल्या,
सगळं ठीक ना? कोण ओरडतंय?
मी म्हटलं, कर्णिक.
त्यांना पटेना. कोण?

पंधरा.