सातवा रकाना

मुठीत मावेल एवढं यंत्र दिलं मिनेझिस सरांनी.
अंगठा दाबला की टक्. एक दुचाकी.
टक्. आणखी एक.
"विचार करू नकोस," म्हणाले,
"विचार केलास की दोन निसटतात."

फार्मागुडीच्या वर्गात आम्ही शहर काढायचो
फळ्यावर, बाणांनी.
इथे दिवजा सर्कलला बाण थांबत नाहीत,
मांडवीच्या पुलावरून उतरतात ते थेट अंगावर.
माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय आखूड.
त्याखाली घडी करून ठेवलंय
कॉलेजचं शिफारसपत्र.

सहा रकाने छापलेले:
दुचाकी, मोटार, रिक्षा, बस, ट्रक, सायकल.
सातवा, इतर.

पदेराला सायकलीत घातलं.
त्याने दोन उंड्यांवर शहराचा म्हणून
रुपया जास्त घेतला.
मंगळवारी हातगाडीवर आडवं निजून गेलं
जुगाराचं एक टेबल, वर हिरवी बनात,
कॅसिनोच्या धक्क्याकडे.
तेवढंच काय ते 'इतर'.
मग पेट्रोल संपलेली स्कूटर ढकलत एकजण आला.
तो दुचाकी, की पायी?
पायी माणसांना रकानाच नव्हता.

रात्री मळ्यातल्या खोलीत
काणकोणची फ्रेजिना पाय पाण्यात सोडून बसते.
तीही माझ्यासारखीच, शिकाऊ.
हॉटेलच्या धोबीखान्यात दिवसाला तीनशे टॉवेल,
प्रत्येकाचा हंस करायचा.
"झोपेत तुझा अंगठा हलतो गो," ती म्हणाली.
तिचे हात हलतात, ते मी सांगितलं नाही.

आईचा फोन आला.
शहर कसं?
मोठं.
दत्तू भेटला का? तिथेच तर आहे त्याचा कॉम्प्युटरचा क्लास,
ए.सी. आहे म्हणे, थंडी वाजते त्याला.
नाही भेटला. मोठं आहे ना.

गुरुवारी, चार वाजून सात मिनिटांनी,
पाठीवर लाल डबा घेऊन
दत्तप्रसाद गेला.
टक्.
पावणेपाचला परत. टक्.
सव्वापाचला उलट दिशेने, वाकडा घुसून, बसच्या पुढून.
टक्.
चौथ्या वेळी सिग्नल लागला.
दहा हातांवर उभा.
काच वर करून पाणी प्याला,
उरलेलं मानेवर ओतलं.
मी फॉर्म तोंडासमोर धरला.
अंगठ्याने मात्र आपलं काम केलं.

बाबांनी काजूच्या पैशांतून फी दिली होती.
आणि माझ्या खोलीचं आठवड्याचं भाडं
त्याने पाठवलं होतं,
क्लासमध्ये पहिला आलो, बक्षीस मिळालं, म्हणून.

सरांना विचारलं,
एकच गाडी चारदा गेली तर एकदाच धरायची ना?
"रस्त्याला माणूस कळत नाही, पोरी. भार कळतो.
चार."

शुक्रवारी मी टोपी घालून बसले.
तो आला नाही,
किंवा सगळेच तो होते.
लाल डबा दिसला की अंगठा अडखळायचा.
त्या तासाचे आकडे कमी भरलेत.

शनिवारी बेरीज झाली.
दुचाकी, एकेचाळीस हजार तीनशे सहा.
इतर, दोन.
"एक टेबल, कळलं," सर म्हणाले, "हा दुसरा कोण?"
ओळखू आला नाही, म्हटलं.
त्यांनी खोडलं नाही.

संध्याकाळी कदंबा स्टँडवर दत्तू आला सोडायला,
इस्त्रीचा शर्ट घालून.
हनुवटीखाली पट्ट्याचा वळ.
"काम कसलं गो तुझं?"
"बसायचं. तुझा क्लास?"
"बसायचंच."
वाळपयची गाडी लागली. पिशवी हातात कोंबली,
मित्राने पार्टी दिली, जास्त झालं, खा.

माशेल गेल्यावर उघडली.
बिर्याणी अजून कोमट होती.
पिशवीला टोचलेल्या चिठ्ठीवर
कुणा रोशेलचं नाव, ऑर्डर रद्द,
आणि खाली बारीक अक्षरात
तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे.