बुधवारपासून

मथळ्यात आकडा हवा, आणि तो विषम हवा.
सात चालतो. अकरा चालतो. आठवर कुणी थांबत नाही.
का, ते डेलबर्टलाही ठाऊक नाही,
आणि तो एकतीस वर्षं एरीच्या या पेपरात
सवलतींचं पान लावतोय.

"मग 'तुम्ही' आण," पहिल्या दिवशी म्हणाला होता,
डोनटची साखर माझ्या कीबोर्डवर सांडत,
"आणि शेवटी थोडी भीती.
फार नको. दूध उतू जाईल, एवढीच."

तेव्हापासून मी उतू घालवत आले:
हॅलोरन्सची सात कूपनं, जी तुम्ही चुकवताय.
तुमच्या शेजारणीला माहीत आहे, तुम्हाला?
शेवटचे दोन दिवस.
दोन दिवसांनी: मुदत वाढली, तरी घाई करा.
आणि खाली बातमी एवढीच
की टॉवेलवर वीस टक्के सूट आहे,
जी मागच्या वर्षीही होती.
टाचणी पडायची
आणि मी ढोल बडवायचे.

हॅलोरन्सचं कूपन निळं, हातभर लांब.
कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख असायची,
पण गल्ल्यावर ती कुणी वाचत नसे.
लोक ते बायबलमध्ये ठेवत, गाडीच्या खणात,
फ्रिजवर चुंबकाखाली, नळाच्या बिलामागे.
या गावात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातली माणसं कमी झाली,
दोन चर्च विकली गेली,
कूपन मात्र मुदत संपूनही चालत राहिलं.

जानेवारीत दुकानाचं दिवाळं निघालं.
डेलबर्ट म्हणाला, मथळा दे.
मी लिहिलं:
हॅलोरन्स बुधवारपासून कूपनं घेणार नाही.
त्याने दोनदा वाचलं.
"आकडा कुठाय?"
मग स्वतःच चष्मा काढून पुसत बसला
आणि पान तसंच सोडलं.

मंगळवारी संध्याकाळी मीही रांगेत.
तळ्यावरून बर्फ आडवा येत होता,
दार उघडलं की पायपुसण्यांपर्यंत.
माझ्या पुढे विल्हेल्मिना सोबचाक,
काखेत बुटांचा खोका,
खोक्यात दोनशे चौदा कूपनं, सालवार.
"मोजलीत?" मी विचारलं.
"त्याने मोजलेली," ती म्हणाली. "मी फक्त बेरीज पुढे नेली."

कॅसिमिर दर रविवारी कापायचा,
कोंबडी कापायच्या कात्रीने, जेवणाच्या टेबलावर.
दोन हजार सोळापर्यंत कडा सरळ, पट्टी लावल्यासारख्या.
त्यानंतर त्याचा उजवा हात गेला.
त्यानंतरची कूपनं डाव्या हाताची:
कुठे अर्धा शून्य कापलेला,
कुठे शेजारच्या जाहिरातीतल्या बाईचा कान सोबत आलेला.

तिने घेतलं काय, तर बटाटे सोलायचं सोलाणं.
पाच डॉलर.
गल्ल्यावरचा ओर्लँडो, वय फार तर एकोणीस,
खोक्याकडे बघत ओशाळून म्हणाला,
"एका वस्तूला एकच चालतं, मॅडम."
"माहीत आहे," ती म्हणाली,
आणि शोधू लागली.
मागे रांग खोकली. कुणीतरी गादीची खोळ या हातातून त्या हातात घेतली.

तिने सरळ कडेचं दिलं.
दोन हजार अकराचं, करकरीत.
वाकडी एकेक करून परत नीट लावली,
झाकण दाबून बसवलं.

पावतीवर छापून आलं:
आज तुम्ही वाचवलंत: १ डॉलर.
तिने ते वाचलं,
घडी घातली,
तीही खोक्यात टाकली.

हातमोजे चढवेपर्यंत तिने खोका माझ्याकडे दिला.
वजन काहीच नव्हतं.

बसमध्ये मी सवयीने मथळा जुळवत होते.
दोनशे तेरा.
विषम आहे, डेलबर्ट.
पुढे 'तुम्ही' लिहिलं, खोडलं,
मग काच पुसली, तर माझा स्टॉप मागे पडला होता.