निधान

साडेतीनला, भांडी अजून ओली असतानाच,
सगळ्यांना मागच्या अंगणात उभं केलं.
हुबळीहून शिवलीला हडिमनी मॅडम आलेल्या,
हातात लाल सिलिंडर, पायात बंद बूट.
तुला दोन्ही भाषा येतात, मालक म्हणाले,
काउंटर सोड, त्यांच्या शेजारी उभी राहा.
आई गोकाकची, वडील येळ्ळूरचे;
आमच्या घरात भांडण एकीत व्हायचं, समजूत दुसरीत.

मॅडम म्हणाल्या, बेंकी.
मी म्हटलं, आग.
तेल पेटलं तर नीरु बेडा. पाणी नको.
गॅस बंद करायचा, झाकण घालायचं, लांब व्हायचं.
मल्लव्वा, जिचे हात तीस वर्षं मोरीत भिजलेत,
पुटपुटली : मग पाणी कशाला ठेवलंय देवानं?

पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची,
दाबायचं, झाडू मारल्यासारखं हलवायचं.
सातेरी कणकुंबीकडचा, कामाला लागून दहा दिवस.
पहिल्याच दाबात त्यानं
मालकांची स्कूटर पांढरीफेक करून टाकली.

मग त्यांनी विचारलं,
यारिगादरू सुट्टिदे येनु?
पोरं फिसकन हसली.
त्यांना ऐकू आलं, सुट्टी दे.

भरमा हसला नाही.
अकरा वर्षं तो कुंदा आटवतोय.
दूध तपकिरी होत जातं, साखर उसळते,
आणि जिथं बसते तिथून उठत नाही;
उठली तर चामडी घेऊनच.
मार्गशीर्षात त्याचा डावा हात, कोपरापर्यंत.
कुणी हळद आणली, कुणी टूथपेस्ट.
मी पळत जाऊन कॉफीची पूड आणली होती.
आणि आता माझ्याच तोंडून येत होतं :
वीस मिनिटं. वाहत्या नळाखाली. नुसतं पाणी.
मल्लव्वानं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही.

वहीत त्या बारा दिवसांपुढं
माझ्याच अक्षरात आहे : सुट्टी, बिनपगारी.
शेजारची अपघाताची वही
आणली तशी कोरी, पानं चिकटलेली.

मॅडमनी परत विचारलं.
मालक दारात, बोटात किल्ल्या फिरवत.
भरमानं बाही खाली ओढली :
नाही बाई, इथं कुणाला काय झालं नाही बघा.

एवढंच कन्नडात करायचं होतं.
इल्ला. दोन अक्षरं.

मी म्हटलं, हौदु.
एडगै. कुंद्याची कढई.

मालकांना दोन्ही भाषा येतात.
किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

तीन दिवस भरमा माझ्याशी बोलला नाही.
चौथ्या दिवशी, गिऱ्हाईक नसताना, काउंटरला आला.
दाखव, काय लिवलंय त्या बाईनं.
मी वही फिरवली, गोल गोल अक्षरांवर बोट ठेवलं.
हे तुझं नाव.
एवढं मोठं?
आणि फुडं?
सुट्टिदे.
सुट्टी?
नाही. भाजलंय.
तो बघत राहिला, जखमेच्या कडेला खाजवत.
मग पगार?
मालक अजून काही म्हणालेले नाहीत.
मी अजून काउंटरवर आहे, हेही त्यांनी अजून
काही न म्हटल्यामुळेच.

स्वयंपाकघराच्या दाराशी आता पिवळी पाटी उभी असते.
सातेरीला कन्नड वाचता येत नाही.
काय लिवलंय गा तिच्यावर?
निधान.
तो थबकला, ट्रेमध्ये सात चहा.
आमच्या गावच्या भजनात येतंय की ते.
पुरलेलं सोनं सापडतंय, ते निधान.
इथं त्याचा अर्थ हळू, मी म्हटलं. जपून.
त्यानं खालच्या ओल्या फरशीकडं बघितलं,
मग स्वतःच्या पायांकडं,
आणि एकेक पाऊल
असं ठेवत गेला
की खाली खरंच काहीतरी पुरलेलं असावं.