टाचण्या तोंडात धरून

एकशे एक्केचाळीस सिनेमे.
मोजणी माझी, कारण मापांची वही माझ्याकडे आहे.
पहिलं पान: ओब्दुलिया कार्रास्काल,
कंबर साठ सेंटीमीटर, साल एक्कावन्न.

थामोराच्या पाववाल्याची पोर.
माद्रिदला आली तेव्हा नखांत पीठ होतं अजून.
पहिल्या सिनेमात तिनं नुसतं दार उघडलं.
दुसऱ्यातही.
पुढं दार उघडण्यात बाईचा हातखंडाच झाला:
मोलकरीण, खानावळवाली, मठातली जोगीण,
नायिकेची न लग्न झालेली मावशी.
दारापलीकडे घर कधीच नसायचं.
दोन टेकू, एक सुतार, आणि त्याची विडी.

विधवेचा काळा झगा मी एकदाच शिवला.
अकरा सिनेमांत तोच.
दर वेळी उसवायचा, बोटभर सोडायचा,
दर वेळी नवा नवरा मेलेला.
सेन्सॉरचा पाद्री आला, म्हणाला, गळा खोल आहे.
मी उभ्या उभ्या लेस टाचू लागले.
ती म्हणाली, "फादर, मी इथं मयतावर रडतेय,
तुमचं लक्ष कुठं?"
मला हसायची चोरी. तोंडात सात टाचण्या.

मग आल्मेरियाचं वाळवंट.
दिग्दर्शक इटालियन, नायक जर्मन, घोडे कुणाचे देव जाणे.
कुणाचं बोलणं कुणाला कळेना.
"नुसते आकडे म्हण, आवाज मागाहून भरू."
पोराच्या प्रेतावर पडून तिनं टाहो फोडला,
"सत्तावीस! अठ्ठावीस! एकोणतीस!"
आणि छत्री धरणारा मुलगा ओक्साबोक्शी रडला.
थिएटरात ऐकू आली ती भलतीच बाई,
बार्सिलोनाच्या कुठल्याशा खोलीतली, सर्दी झालेली.

तिचं स्वतःचं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं.
त्या आठवड्यात दोन सिनेमे चालू होते.
वहीत माझ्या अक्षरात एवढंच:
छाती चार सेंटीमीटर जास्त. आतून दुहेरी अस्तर.

बक्षीस एकदा मिळालं,
कार्रास्कालमधला एक र खाऊन कोरलेलं.
"घाल गं एक टाका," मला म्हणाली.

आता दर गुरुवारी मी बस धरून थामोराला जाते.
वृद्धाश्रमात दुपारी जुने सिनेमे लावतात.
ती पडद्याकडे बघते. "कोण ही बया?
कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते."
मग पुढं वाकते, डोळे बारीक करते.
"झग्याची दुमड मात्र तुझीच, बासिलिसा.
डावीकडे ओढलीय."
खरंय. अकरा सिनेमे ओढलेलीच होती.
कुणी बोललं नव्हतं.

निघताना ती सोडायला येते,
मान ताठ, हात कडीवर,
सवयीनं दार उघडते.
बाहेर खरीच गल्ली असते:
भिजलेले दगड, कोबी शिजल्याचा वास,
सायकल ढकलत चाललेला कुणी.
ती दचकते.
"सुतार कुठं गेला?" विचारते.