तरी

रावपुऱ्यात सेव-उसळीच्या गाडीवर त्याने विचारलं,
"बेन, तरी केटली?"
आणि मी सांगून मोकळी झाले,
"कमीच. आपल्याला तिखट सोसत नाही."

आपल्याला?
मागे वळून पाहिलं.
मागे एक पंक्चरवाला, भिंतीला टेकवलेली सायकल
आणि दुपारचे साडेबारा.
निमेष कालपासून भरूचला आहे.

सोसत नाही ते त्याला.
मी नववीत तनुजा जगतापशी पैज लावून
याच चौकात तीन वाट्या तरी प्यायले होते, नुसती,
पावाशिवाय.
नाकाडोळ्यांतून धार, कान लालबुंद
आणि मुठीत अकरा रुपये.
घरी गेल्यावर आई म्हणाली, कोण गेलं गं?

त्याने कधी काही मागितलं नाही.
हेच कुणाला सांगता येत नाही.
ओरडला असता, ताट भिरकावलं असतं,
तर निदान एक तारीख हाती लागली असती.
हे तर आमटीत साखर पडावी तसं,
आधी चिमूट,
मग पाहुणे येणार म्हणून चमचा,
मग दोन माणसांना दोन पातेली कशाला.
पंखा दोनवर.
खिडकी बंद, कारण त्याची सर्दी.
सर्दी गेली, खिडकी राहिली.

भाषाही सोयीची निघाली.
आपण जेवलो, आपण कंटाळलो,
आपल्याला असले रंग शोभत नाहीत.
आपण म्हणजे तू आणि मी,
आपण म्हणजे समोरचे कुणी मान्यवर, बसा ना,
आणि आपण म्हणजे आपलं आपण, एकट्याने.
एका शब्दात तिघं भाड्याने राहत होते.
तिसरं कधी बिऱ्हाड हलवून गेलं
ते उरलेल्या दोघांच्या लक्षातही आलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात
विश्वामित्रीच्या पुलावर थांबलो होतो.
खाली चिखलात काहीतरी आडवं पडलेलं.
तो म्हणाला, लाकूड.
मी म्हणाले, मगर.
तो म्हणाला, अगं लाकूडच, लाव पैज.
पैज. आणि मला.
ऊन अंगावर आलं होतं, तो हसत होता,
हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर चढायचा,
तो मला फार आवडायचा.
मी म्हणाले, असेल बाई, लाकूड असेल.
तो स्कूटरला किक मारत होता तेव्हा
एकदाच कठड्यावरून वाकून पाहिलं:
लाकूड पाण्यात उतरत होतं, सावकाश,
पुलावर कुणी नसल्यासारखं.
हे मी त्याला एकोणीस वर्षांत सांगितलेलं नाही.
का, ते विचारू नका.
तेवढं एक माझ्याकडे असू दे म्हटलं.

"दादा, थांबा. तरी घाला."
त्याने पळी बुडवली.
"अजून."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या ओढणीकडे.
"अजून. मी सांगेन तेव्हा थांबा."

पहिल्या घासाला जीभ दचकली.
दुसऱ्याला ओळख पटेना.
तिसऱ्याला ठसका, आणि मग उचकी.

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढत असतं
आणि बरोबर नाव घेतलं की ती थांबते.
निमेष, म्हणाले. नाही थांबली.
बिचारा कामात असेल.
आईचं घेतलं, ती आता जिथे असेल तिथे असो.
मुलीचं घेतलं. तनुजाचं घेतलं.
मग इकडेतिकडे पाहून, हळूच,
हेमांगी शितोळे.

"बेन, पाणी पीओ," गाडीवाला म्हणाला,
आणि न मागता वर मूठभर सेव टाकली.